बंदिस्त वाटीतील ध्वनी
हेडफोनचा आवाज कशाने बिघडतो आणि कशाने सुधारतो

रिकाम्या घागरीत तोंड घालून एखादा शब्द उच्चारला, तर तो नेहमीसारखा ऐकू येत नाही. तो घुमतो, लांबतो आणि त्यातील व्यंजने अस्पष्ट होतात. बोलणाऱ्याचा कंठ तोच असतो व शब्दही तोच असतो. फरक एवढाच की, ध्वनी मोकळ्या हवेत न जाता एका पोकळीत कोंडला गेला. बंद पाठीच्या हेडफोनचे गुण आणि दोष या साध्या अनुभवातच सामावलेले आहेत. अशा हेडफोनमध्येही ध्वनी उत्पन्न करणारा पडदा बहुधा निर्दोष असतो. आवाज बिघडतो तो मुख्यतः पडद्याच्या पुढे व मागे कोंडलेल्या हवेमुळे. ही हवा ताब्यात कशी आणावी, हाच या पुस्तिकेचा विषय आहे.

दोन प्रकारचे हेडफोन

हेडफोन हे मुळात संगीतासाठी निर्माण झालेले साधन नव्हे. टेलिफोन व बिनतारी संदेश यांतील क्षीण आवाज ऐकता यावा, म्हणून त्याचा उपयोग होत असे. अमेरिकेतील युटा राज्याचे रहिवासी नॅथॅनियल बाल्डविन यांनी १९१० साली तयार केलेले हेडफोन अमेरिकेच्या नौदलाने वापरात आणले. जर्मनीत ऑयगेन बायर यांच्या कारखान्यात १९३७ मध्ये डी. टी. ४८ हा हेडफोन तयार झाला. चुंबकीय क्षेत्रात हलणाऱ्या तारेच्या वेटोळ्यावर चालणारा तो आरंभीचा हेडफोन होय. १९५८ मध्ये अमेरिकेतील मिलवॉकी येथील जॉन कॉस यांनी दोन्ही कानांना निरनिराळा ध्वनी पोचविणारा हेडफोन संगीतप्रेमी लोकांपुढे ठेवला. या काळापर्यंत हेडफोनची पाठ बंद असणे हेच स्वाभाविक मानले जाई. १९६८ मध्ये जर्मनीतील झेनहायझर या संस्थेने एच. डी. ४१४ हा उघड्या पाठीचा हेडफोन काढला आणि तेव्हापासून या साधनाचे दोन स्पष्ट वर्ग पडले.

उघड्या पाठीच्या हेडफोनमध्ये पडद्याच्या मागील बाजूने निघणारा ध्वनी बाहेर निघून जातो. त्यामुळे आवाज मोकळा वाटतो. परंतु बाहेरचा गोंगाट आत येतो आणि आतील संगीत शेजाऱ्यास ऐकू जाते. बंद पाठीच्या हेडफोनमध्ये पडद्यामागे वाटीच्या आकाराचे कवच असते. या कवचामुळे गोंगाट बाहेर राहतो. म्हणूनच रेल्वेच्या डब्यात, ग्रंथालयात, ध्वनिमुद्रणाच्या खोलीत किंवा अनेक माणसे राहत असलेल्या लहान घरात हाच प्रकार उपयोगी पडतो. मात्र या सोयीची किंमत मोजावी लागते. बाहेर जाऊ न शकलेला मागील ध्वनी नाहीसा होत नाही. तो वाटीतच फिरत राहतो.

हवेची स्प्रिंग

सायकलच्या पंपाचे तोंड बोटाने दाबून धरले व दांडा आत लोटला, तर हवा दांड्यास मागे रेटते. कोंडलेली हवा ही एक प्रकारची स्प्रिंगच असते. जागा जितकी लहान, तितकी ही स्प्रिंग ताठर. हेडफोनच्या वाटीतील हवाही पडद्यास असाच विरोध करते.

खर्जाचे स्वर निर्माण करताना पडद्याला तुलनेने अधिक अंतर मागेपुढे हलावे लागते. पाठीमागची वाटी फार लहान असल्यास त्याची ही हालचाल खुंटते व खर्ज दुबळा होतो. त्याचबरोबर दुसरा एक परिणाम घडतो. प्रत्येक पडद्याची एक स्वाभाविक कंप्रता असते, म्हणजे तो मोकळा सोडला असता सेकंदास ठरावीक वेळा कंप पावतो. हवेच्या ताठर स्प्रिंगमुळे ही कंप्रता वाढते. तिच्या जवळपासचे स्वर अवाजवी मोठे होतात आणि तबल्याच्या डग्ग्याचा मऊ घुमारा जाऊन त्या जागी एकसुरी ‘धब्‌’ असा आवाज ऐकू येतो.

यावर पहिला उपाय वाटी मोठी करणे हा होय. परंतु डोक्यावर धारण करण्याच्या वस्तूस मर्यादा असते. दुसरा उपाय अधिक चतुर आहे. हवा दाबली की तापते, व तापल्यामुळे तिचा विरोध आणखी वाढतो. वाटीत पिंजलेला कापूस किंवा लोकर सैल भरली, तर ही उष्णता तंतू शोषून घेतात आणि हवेची स्प्रिंग मऊ होते. तत्त्वतः अशा भरणामुळे वाटी जास्तीत जास्त १.४ पट मोठी असल्याप्रमाणे वागू शकते. प्रत्यक्षात लाभ याहून कमी होतो. तथापि मूठभर कापसाने जागा वाढावी, हे निसर्गनियमांचे एक मनोरंजक उदाहरण आहे.

कानाभोवतीची गादी

पडद्याच्या मागील हवेप्रमाणेच पुढील हवाही महत्त्वाची आहे. पडदा, कान आणि त्याभोवतीची गादी यांच्यामध्ये एक लहानशी कोठी तयार होते. ही कोठी घट्ट बंद असेल, तरच खर्जाचे स्वर नीट ऐकू येतात.

५० हर्ट्‌झच्या स्वराची तरंगलांबी सुमारे ७ मीटर असते. एवढा मोठा तरंग त्या कोठीत मावणे शक्य नाही. तेथे खर्ज पोचतो तो हवेचा दाब हळूहळू कमीजास्त होण्याच्या रूपाने. गादीत कोठेही फट राहिली, तर दाब वाढण्यापूर्वीच हवा तेथून निसटते. वेगवान कंपनांत हवेस निसटण्यास वेळ मिळत नाही, म्हणून वरच्या सप्तकातील स्वर फारसे बिघडत नाहीत. चष्म्याची दांडी, दाट केस किंवा जुनी झाल्यामुळे भेगाळलेली गादी एवढ्या कारणानेही खर्ज ओसरतो, आणि दोष मात्र हेडफोनच्या यंत्रास दिला जातो.

म्हणून सुधारणेची सुरुवात नेहमी गादीपासून करावी. झिजलेली गादी बदलणे हा बहुतेक वेळा सर्वांत स्वस्त व सर्वांत परिणामकारक उपाय ठरतो. मात्र नवी गादी निवडताना सावधगिरी हवी. चामड्यासारख्या गुळगुळीत आवरणाने हवा अडते व खर्ज टिकतो. मखमलीच्या गादीतून थोडी हवा पाझरते. ती उन्हाळ्यात सुखद वाटते, परंतु खर्ज घटतो. गादी जाड असेल, तर कान पडद्यापासून दूर जातो व कोठीचा आकार बदलतो. त्यामुळे वरच्या स्वरांचा तोलही बदलतो.

वाटीतील प्रतिध्वनी

आता मागील ध्वनीचा विचार करू. सामान्य तापमानात हवेतील ध्वनीचा वेग सेकंदास सुमारे ३४३ मीटर असतो. वाटीची खोली ३ सेंटीमीटर आहे असे मानल्यास, पडद्यामागून निघालेला ध्वनी तळावर आपटून परत पडद्याशी येईपर्यंत ६ सेंटीमीटर अंतर कापतो. यास एका सेकंदाचा सुमारे ५,७०० वा भाग लागतो. हेडफोनचा पडदा अत्यंत हलका असतो. परतलेला ध्वनी त्यातून सहज पार होऊन कानापर्यंत येतो.

सुमारे ५,७०० हर्ट्‌झच्या कंप्रतेला जाणारा व येणारा तरंग एकमेकांशी नेमके जुळतात आणि वाटीत स्थिर तरंग उभा राहतो. वाटीच्या रुंदीतही असेच घडते. ७ सेंटीमीटर व्यासाच्या वाटीत आडवा स्थिर तरंग २,५०० ते ३,००० हर्ट्‌झच्या आसपास उद्‌भवतो. दुर्दैवाने मानवी कान याच पट्ट्यात सर्वाधिक संवेदनशील असतो. शब्दांतील व्यंजनांची स्पष्टता व सतारीच्या झंकाराची धारही येथेच असते. घागरीत घुमणाऱ्या शब्दाचे रहस्य हेच होय.

घरातील सामान हलविल्यावर रिकामी खोली घुमू लागते आणि गाद्या-गोधड्या आणून ठेवताच तो घुमारा शमतो, हे सर्वांच्या परिचयाचे आहे. वाटीतही हाच उपाय चालतो. कापूस, लोकर, नमदा अथवा स्पंज यांच्या सूक्ष्म छिद्रांतून हवा पुढेमागे सरकताना घर्षण होते व ध्वनीच्या ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर होते. परंतु हे घर्षण हवा जेथे वेगाने हालते तेथेच होऊ शकते. भिंतीस अगदी लागून हवा जवळजवळ स्थिर असते. ती सर्वाधिक हालते ते भिंतीपासून पाव तरंगलांबीवर, म्हणजे आपल्या उदाहरणात दीड सेंटीमीटरवर, वाटीच्या मध्यभागी. म्हणून तळाला चिकटविलेल्या पातळ फडक्यापेक्षा वाटीच्या मधल्या भागापर्यंत सैल पसरलेला कापूस अधिक उपयोगी पडतो.

प्रमाणाचे भान मात्र ठेवले पाहिजे. कापूस ठासून भरला, तर तो हवेस अडवितो, वाटी लहान झाल्याप्रमाणे वागू लागते व संगीत निर्जीव वाटते. पडद्यास कापसाचा स्पर्श तर मुळीच होता कामा नये.

भिंतीचे कंपन आणि पखवाजाची कणीक

पडदा एका दिशेस ढकलला जातो, त्या क्षणी त्याची चौकट विरुद्ध दिशेस ढकलली जाते. पडद्याचे वजन एक ग्रॅमहूनही कमी असल्यामुळे हा धक्का लहान असतो. तरीही पातळ प्लॅस्टिकची वाटी त्याने कंप पावू शकते व स्वतःचा निराळा सूर त्यात मिसळते. वाटीवर नखाने टिचकी मारली असता पोकळ ‘टक्‌’ असा आवाज येत असेल, तर हा दोष आहे असे समजावे.

कंपणाऱ्या वस्तूवर वजन लादून तिचा सूर बदलण्याची कला भारतीय वाद्यकारांना फार पूर्वीपासून अवगत आहे. पखवाजाच्या डाव्या तोंडावर वादनापूर्वी ओली कणीक थापतात. त्यामुळे स्वर उतरतो व गंभीर होतो. तबल्याच्या व मृदंगाच्या पुडीवरील शाईमुळे त्यांचे उपस्वर मूळ स्वराशी पूर्णांकांच्या प्रमाणात जुळतात, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० मध्ये व पुन्हा १९३४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनातून दाखविले. वाद्यात वजनाने सूर जुळवायचा असतो. हेडफोनच्या वाटीत मात्र त्याने सूर बंद पाडायचा असतो. तत्त्व एकच आहे.

मुलांच्या खेळण्यातील तेलकट माती दहा-वीस ग्रॅम घेऊन वाटीच्या आतील भिंतीस पातळ थापली, तर दोन कामे होतात. वजनामुळे भिंत कमी हालते, आणि मातीच्या मऊपणामुळे उरलेली हालचालही लौकर शमते. शिवाय जड भिंतीतून बाहेरचा गोंगाट कमी येतो. भिंतीचे वजन दुप्पट झाल्यास पलीकडे जाणारा ध्वनी तत्त्वतः सुमारे ६ डेसिबेलांनी घटतो. या उपायाची मर्यादा मानेवर पडणाऱ्या भाराने ठरते.

श्वास घेण्याची छिद्रे

पुष्कळ हेडफोनच्या वाटीस बारीक छिद्रे असतात व त्यांवर कागदाचा किंवा नमद्याचा तुकडा चिकटविलेला असतो. ही छिद्रे निरुपयोगी समजून बुजवू नयेत. पडद्यामागे साठणारा दाब त्यांतून अंशतः मोकळा होतो.

पोकळी आणि तिला असलेले छिद्र यांची जोडी विशिष्ट सुरात घुमते. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली असता हेच घडते. जर्मन शास्त्रज्ञ हेरमान फोन हेल्महोल्ट्‌झ यांनी एकोणिसाव्या शतकात अशा पोकळ्यांचा उपयोग करून संगीतातील उपस्वर वेगळे करून दाखविले. हेडफोनमध्ये हा घुमारा नको असतो. छिद्रावरील कागद हवेच्या जाण्या-येण्यास अडथळा करतो व घुमारा आवरतो. हा कागद दाट वा विरळ करून खर्जाचा तोल बदलता येतो. उघडे छिद्र मात्र वाटीचा बंदिस्तपणा कमी करते. म्हणजे एक गुण साधताना दुसरा थोडा गमवावा लागतो.

कापसापासून नव्या रचनेपर्यंत

या सर्व उपायांचे एक प्रसिद्ध उदाहरण म्हणजे जपानमधील फोस्टेक्स या संस्थेचा टी. ५० आर. पी. हा हेडफोन. त्यात वेटोळ्याऐवजी वाहक पट्टी असलेले सपाट, पातळ पटल चुंबकांच्या रांगांमध्ये ताणलेले असते. त्याच्या वाटीला थोडीशी उघडी जागा आहे, म्हणून तो अर्धबंद गणला जातो. किंमत माफक व उघडण्यास सोपा असल्यामुळे तो हौशी लोकांची प्रयोगशाळाच बनला. कोणी उघडी जागा बंद केली, कोणी कापूस भरला, कोणी भिंतीस माती थापली, कोणी जाड गाद्या बसविल्या. आणि तेच पटल ठेवून आवाजात मोठा फरक पडतो, हे पुनःपुन्हा आढळून आले.

अमेरिकेतील डॅन क्लार्क यांनी याच हेडफोनची सुधारलेली आवृत्ती विकण्यापासून आपल्या उद्योगास आरंभ केला. पुढे त्यांनी स्वतःचे हेडफोन रचले. २०२१ मध्ये त्यांच्या संस्थेने काढलेल्या स्टेल्थ या बंद पाठीच्या हेडफोनमध्ये पटल व कान यांच्यामध्ये सूक्ष्म नलिका व पोकळ्या असलेला एक जाळीदार भाग बसविलेला आहे. तो निरनिराळ्या कंप्रतांचे स्थिर तरंग शमवितो. साधन नवे असले, तरी शत्रू तोच आहे : कोंडलेल्या हवेतील घुमारा.

विजेच्या साहाय्याने सुधारणा

आज मोबाइल फोनमध्येही निरनिराळ्या कंप्रतांचे स्वर कमीजास्त करण्याची सोय, म्हणजे इक्वलायझर, उपलब्ध असते. एखादा पट्टा सतत मोठा वाजत असेल, तर तो याने उतरविता येतो. परंतु आदर्श तोल कोणता? अमेरिकेतील हार्मन या संस्थेत शॉन ऑलिव्ह, टॉड वेल्टी व त्यांच्या सहकाऱ्यांनी गेल्या दशकात अनेक श्रोत्यांवर प्रयोग केले. चांगल्या खोलीत चांगले लाउडस्पीकर जसे ऐकू येतात, त्या तोलाच्या जवळ जाणारे हेडफोन बहुसंख्य श्रोत्यांना आवडतात, असे त्यांतून दिसून आले.

इक्वलायझर हा फटीवरील उपाय मात्र नव्हे. गादीतून हवा निसटत असताना खर्ज विजेने वाढविला, तर पडद्यास उगाच अधिक धावावे लागते व आवाज फाटतो. शिवाय डोके जरासे वळताच फट बदलते आणि केलेली सर्व जुळणी व्यर्थ होते. म्हणून आधी हवेची व्यवस्था करावी व मग विजेची.

शाळेत करण्याजोगा प्रयोग

या प्रयोगासाठी तारेचा, जुना व स्वस्त हेडफोन घ्यावा. बिनतारी हेडफोनमध्ये लिथियमची बॅटरी असते. तिला इजा झाल्यास ती पेट घेऊ शकते, म्हणून तो उघडू नये. हेडफोन उघडण्यापूर्वी त्याची तार यंत्रातून काढून ठेवावी. आतील तारा केसासारख्या नाजूक असतात व पडदा बोटाच्या स्पर्शानेही बिघडतो, याचे स्मरण ठेवावे.

प्रथम आवाज अगदी लहान ठेवून ३० पासून ३०० हर्ट्‌झपर्यंतचे स्वर क्रमाने ऐकावे. वाट्या बोटांनी हलकेच दाबताच खर्ज वाढला, तर गादीत फट आहे हे सिद्ध होते. मग २,००० ते ८,००० हर्ट्‌झपर्यंतचे स्वर ऐकून कोणता स्वर एकाएकी उसळतो वा दबतो, त्याची नोंद करावी.

यानंतर फक्त एकाच वाटीत अर्धा ग्रॅम पिंजलेला कापूस घालावा. दुसरी वाटी मूळ स्थितीत ठेवावी. दोन्ही बाजूंना एकच ध्वनी पाठवून तुलना करावी. नंतर हेडफोन उलटा घालून तीच तुलना पुन्हा करावी, म्हणजे डाव्या-उजव्या कानांतील फरकामुळे फसगत होणार नाही. कोणती वाटी सुधारलेली आहे, हे ऐकणाऱ्यास सांगू नये. आपण केलेला बदल चांगलाच असला पाहिजे, अशी मनाची समजूत कानास सहज फसविते. एका वेळी एकच बदल करावा, तो लिहून ठेवावा आणि तो परत काढता येईल असाच असावा. पसंत पडलेला बदल शेवटी दोन्ही वाट्यांत सारख्याच वजनाने करावा.

सुधारणेचा खरा लाभ

एवढा खटाटोप केवळ संगीताच्या सुखासाठी आहे काय? तसे नव्हे. खर्ज हरवलेला व शब्द अस्पष्ट करणारा हेडफोन लावणारा मनुष्य नकळत आवाज वाढवीत जातो. गोंगाटाच्या जागी तो आणखी वाढवितो. अंतर्कर्णातील ध्वनी टिपणाऱ्या केसल पेशी मोठ्या आवाजाने नष्ट होतात, आणि मनुष्यात त्या पुन्हा उगवत नाहीत. गेलेली श्रवणशक्ती कोणत्याही कापसाने वा यंत्राने मूळ रूपात परत आणता येत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढ व्यक्तीने ८० डेसिबेल पातळीचा आवाज आठवड्यात ४० तासांपर्यंत ऐकण्यास हरकत नाही. मुलांसाठी ही पातळी ७५ डेसिबेल आहे. पातळी दर ३ डेसिबेलांनी वाढली की सुरक्षित वेळ निम्मा होतो. म्हणजे प्रौढासाठी ८३ डेसिबेलांस २० तास, ८६ डेसिबेलांस १० तास व ८९ डेसिबेलांस केवळ ५ तास. घट्ट बसणाऱ्या गादीमुळे आणि जड भिंतीमुळे गोंगाट थोडा जरी घटला व त्या प्रमाणात आवाज ३ डेसिबेलांनी उतरविता आला, तरी कानास मिळणारी सवलत दुप्पट होते. मात्र रस्त्यावर चालताना असा हेडफोन लावू नये. जो गोंगाट तो अडवितो, त्यातच वाहनांच्या इशाऱ्याचाही समावेश असतो.

एकूण, बंद हेडफोनमधील सुधारणा म्हणजे त्याचा आवाज मोठा करणे नव्हे. फट बुजविणे, घुमारा शमविणे आणि भिंत स्थिर करणे या तीन गोष्टी साधल्या, की लहान आवाजातही तानपुऱ्याचा खर्ज व गाण्याचा शब्द दोन्ही स्पष्ट होतात. ज्या हेडफोनवर आवाज वाढविण्याची इच्छा होत नाही, तोच हेडफोन चांगला सुधारला असे समजावे.